हंडा सुटला, हंडेराव आत

हंडेराव रांधलेलं कधी चाखून बघत नसे. पळी जिभेला लावणारा आचारी दिसला की तोंड फिरवी. म्हणे, "पानं मांडली नाहीत आणि हा जेवायला बसला!" मग मीठ बरोबर पडलंय हे त्याला कळे कसं? तो हंड्यापाशी कान नेई, डोळे मिटून उकळी ऐके आणि सांगे, "अजून कच्चं बोलतंय. थांबा." लोक हसत. मीही हसत असे. पण पान वाढलं की हसणारी तोंडं दुसऱ्या कामाला लागत.

हे सगळं तंजावरच्या तुरुंगातलं. मी तिथं शिपाई होतो. माझा बाप राजवाड्याच्या देवडीवर भाला धरून उभा असे. राजा वारला, पोटी मुलगा नव्हता, कंपनीनं राज्य गिळलं आणि बापाचा भाला अडगळीत गेला. मला तुरुंगाच्या दाराशी दंडुका मिळाला. घराण्याचं काम तेच राहिलं, दाराशी उभं राहायचं. फक्त आतली माणसं बदलली. कैदी येत, शिक्षा भोगून जात. मी मात्र पेन्शनीपर्यंत आत होतो.

माझं शिक्षण बेतास बात. हे सांगण्याचं काम आमच्या घरात खरं तर दुसऱ्या माणसाचं. ती गेल्या आषाढात गेली. असती तर मधेच म्हणाली असती, "खोटं. असं नाही झालं." आता अडवणारं कोणी नाही, म्हणून जपून लिहितो. तिचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही, तशी रीत नव्हती. आता घेतलं तर कोण नाक मुरडणार? गोदावरी. कावेरीकाठी जन्मली, कावेरीकाठी मेली आणि नाव तिनं न पाहिलेल्या नदीचं. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांचं सगळं असंच आहे.

तर हंडेराव. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या गुन्ह्यानं त्याला दिलेलं. तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आचारी होता. बापही तिथलाच, आजाही तिथलाच. राज्य खालसा झाल्यावर साहेबानं राजवाड्यातल्या वस्तूंवर टाच आणली. दागिने, हत्यारं, पोथ्या, पालख्या, सगळ्यांवर लाखेचे शिक्के. शिक्के मारणारा इतका कामसू निघाला, की मुदपाकखान्यातल्या भांड्यांनाही त्यानं सोडलं नाही. त्यात एक तांब्याचा हंडा होता. शेकडो पानांचं अंबटवरण त्यात एका वेळी होई.

तिरुवैयारूला एक लग्न निघालं आणि सांगावा हंडेरावाला आला. दुसऱ्या भांड्यात रांधणं म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्याच्या बायकोशी बोलणं. भरदिवसा तो आत गेला, हंडा उपडा करून डोक्यावर घेतला आणि चालू लागला. हंडा एवढा मोठा, की कमरेपर्यंत हंडा आणि खाली दोन पाय. देवडीवरचे शिपाई हसून लोटपोट झाले. हंडा चालत निघाला म्हटल्यावर अडवायचं कोणाला? पण हंड्याच्या आतून समोरचं काय दिसणार? तो सरळ जाऊन एका पालखीवर आदळला. पालखीत होता तोच साहेब, ज्याच्याकडे राजवाड्याच्या मालाची राखण होती. हंड्याचा टोल पश्चिम राजवीथीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. मी ऐकला नाही. गोदावरी म्हणे, तिनं ऐकला.

कोर्टात त्याला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. हा म्हणाला, "हंडा घेतला, ते कबूल. पण साहेब, राज्य घेतलंत तुम्ही, हंडा घेतला मी. मला एकट्याला कशाला उभं केलंय इथं?" दुभाष्याचा घसा एकदम बसला. त्यानं काय भाषांतर केलं ते देव जाणे. पाच वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्याच्या आधी तुरुंगात कळी मिळे. नाचणीचे शिजवलेले गोळे. तमिळ मुलखात कोणाला तुरुंग झाला तर 'कळी खायला गेला' असंच म्हणतात. ती कळी भिंतीवर मारली तर चिकटून राही. पोटात काय करत असेल ते ज्याचं त्याला ठाऊक. पहिल्याच दिवशी हंडेराव रांगेत बसला, हातातला गोळा दाबून पाहिला आणि उठून उभा राहिला.

"हे कोणी केलं?"

"बस खाली," मी म्हणालो.

"शिपाईबुवा, मी चोर आहे, बसतो. पण ज्यानं नाचणीचे हे हाल केले तो बाहेर कसा?"

महिना उलटायच्या आत स्वयंपाक त्याच्याकडे आला. माल तोच, पण कळी मऊसूत झाली. भाजीच्या देठांचं कालवण जिभेवर राहू लागलं. चिंचेच्या पाण्याला त्यानं अशी फोडणी दिली, की पलीकडच्या रस्त्यानं जाणारे लोक तुरुंगाच्या भिंतीशी रेंगाळू लागले. आमचा जेलर मुदलियार. जाडजूड माणूस, घरून डबा आणणारा. त्याचा डबा यायचा बंद झाला. तुरुंगावर देखरेख गोऱ्या डॉक्टरची. नियमाप्रमाणे आठवड्यातून एकदा त्यानं कैद्यांचं अन्न चाखायचं. पूर्वी चमच्याचं टोक ओठाला लावून पळे. आता खुर्ची मागवून बसू लागला, आणि आठवड्यातून एकदाच का, असं नियमालाच विचारू लागला. राहिलो आम्ही शिपाई. आम्ही काय, ऋषी होतो? आम्हीही जेवत होतो.

भेटीच्या दिवशी त्याची आई येई. आमच्याच गल्लीत राही. सगळे तिला पाट्टी म्हणत, तमिळ लोक आजीला म्हणतात तसं. दात एकही नाही, पण जीभ अशी, की भले भले सरदार तिच्यापुढे वाकून गेलेले. मुलगा चोर ठरला याचं तिला काडीचं सोयरसुतक नव्हतं. गजांतून ती पहिला प्रश्न विचारी, "आज काय केलंस?" तो तळहातावर चोरून आणलेला घास पुढे करी. मी भिंतीकडे पाही. पाट्टी घास चघळी आणि म्हणे, "मीठ कमी." दर वेळी. जिच्या पोराच्या हाताला सारा तुरुंग आणि एक गोरा साहेब चटावला होता, ती बाई दर वेळी म्हणे, मीठ कमी. आणि हंडेराव असा खुलून हसे, जसं कोणी शाल घातली.

"आमच्या म्हातारीला एकदा बरोबर लागलं की मी रांधणं सोडीन," तो म्हणे. "पण लागायचं नाही तिला. नुसतं मलाच नाही म्हणत ती. माझ्या बापालाही तेच म्हणे. आज्यालासुद्धा."

मधल्या काळात कंपनी गेली आणि विलायतेच्या राणीचा अंमल आला. सरकारच बदललं, पण हंडेरावाची शिक्षा बदलली नाही. मग आणखी एक मजा झाली. आमच्या राण्यांनी सरकारशी कज्जा केला होता, त्यात राजवाड्यातल्या वस्तू परत मिळाल्या. गाड्या भरभरून माल परत आला. त्यात तो हंडाही आला. मी हे हंडेरावाला सांगितलं तेव्हा तो कांदा चिरत होता.

"म्हणजे हंडा सुटला," तो म्हणाला. "आणि मी?"

मी मुदलियारांना विचारलं. ते म्हणाले, "काय राव, एवढं कळत नाही? चोरला त्या दिवशी तो हंडा सरकारचा होता."

मी ते आत जाऊन सांगितलं. हंडेरावानं विचारलं, "आणि त्याच्या आदल्या वर्षी कोणाचा होता, ते विचारा." मी विचारलं नाही. मला नोकरी होती.

त्या उन्हाळ्यात तुरुंग नुसता ठेचून भरला. माणसं कुशीवर वळायची तर सगळ्यांनी मिळून वळावं लागे. वरून हुकूम आला, की ज्यांनी कोणाचं रक्त सांडलेलं नाही आणि निम्मी शिक्षा भोगली आहे, त्यांना डॉक्टरसाहेबाच्या शिफारशीनं सोडून द्यावं. गावात यावर मोठी चर्चा झाली. चोर सोडले तर चोऱ्या वाढतील म्हणणारे निघाले, पोरंबाळं उपाशी मरतात म्हणणारेही निघाले. आमच्या घरात चर्चा झाली नाही. गोदावरी म्हणाली, "हंडेरावभाऊजी सुटले," आणि पाट्टीला सांगायला धावली.

पण सुटले कोण? पहिला सुटला तो नारळचोर, जो आत राहूनही शिपायांच्या विड्या चोरी. मग एक जुगारी सुटला, त्यानं तर तुरुंगात राहून भिंतीवरच्या पालींवर पैजा लावल्या होत्या. मग खोटी साक्ष देणारा एक इसम. साहेबासमोर त्यानं पश्चात्तापाची अशी खोटी साक्ष दिली की साहेबानं नाक शिंकरलं. जो जो डोक्याला ताप होता तो तो सुधारला असं ठरलं. हंडेरावाला मात्र अजून सुधारायचं होतं.

साहेबानं त्याला विचारलं होतं, "केल्याचं वाईट वाटतं?"

"वाटतं ना साहेब. समोर दिसत नव्हतं. बाजूनं जायला हवं होतं."

झालं. पश्चात्ताप नाही, असा शेरा पडला. निदान कागदावर तरी कारण तेच. खरं कारण मुदलियारांनी मला तोंडावर सांगितलं. "तो गेला तर रांधणार कोण, राव? तुमची बायको?"

हे मी घरी येऊन सांगितलं, आणि सांगायला नको होतं. गोदावरी चुलीपुढून उठून उभी राहिली.

"ज्याला बाहेर सोडायची भीती वाटते त्याला आत ठेवा ना. याच्या बाहेर जाण्याची भीती तुमच्या पोटांना वाटते! कोण चोर, कोण शिपाई, काही कळेनासं झालंय."

"अगं, मी काय करू? मी दाराशी उभा असतो."

"मग जरा बाजूला उभे राहा," ती म्हणाली. अशी बाई होती.

तिचा त्रागा नुसता न्यायासाठी नव्हता. पाट्टी यायची बंद झाली होती. पाय सुजले, डोळ्यांना दिसेना, अन्न जाईना. गोदावरी रोज पेज घेऊन जाई आणि भांडं तसंच परत आणी. "माझ्या पेजेला पाणी म्हणाली," सांगे. मग दुसऱ्या दिवशी, "आज काहीच म्हणाली नाही," आणि तेव्हा तिचे डोळे भरून येत. मी हंडेरावाला सांगितलं. त्यानं पळी खाली ठेवली. मग इतकंच म्हणाला, "शिपाईबुवा, तिच्या तोंडून एकदा 'मीठ कमी' ऐकायचंय. मग खुशाल ठेवा मला."

गोदावरीनं आधी सोपा उपाय सुचवला, की स्वयंपाक बिघडवा. खारट करा, करपवा, साहेबाचं तोंड वाकडं होऊ द्या. रांधायलाच नकार दिला तर शिक्षा वाढे. पण हात बिघडला तर त्याला कोण काय करणार? हंडेरावानं मान डोलावली. साहेब जेवणार त्या दिवशी त्यानं अंबटवरणात मुठीनं मीठ टाकलं. मी डोळ्यांनी पाहिलं. मग उकळी फुटली, त्यानं सवयीनं कान लावला आणि त्याचा चेहरा असा झाला जसं आत कोणी पोर रडतंय. जरा चिंच घातली. जरा गूळ. भोपळ्याच्या चार फोडी. साहेबानं त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, हे नवीन काय आहे.

"अड पावी," मी म्हणालो. म्हणजे अरे पाप्या. "हात आवरता येत नव्हता?"

"तुम्हाला येतो का दाराशी उभं न राहता?" तो म्हणाला. मग मान खाली घालून, "वहिनींना सांगा, जमलं नाही."

मग त्यानं आपल्या जागी दुसरा तयार करायचा घाट घातला. एक सुताची चोरी केलेला कोष्टी हाताशी घेतला, चांगला तयार केला, आणि तो निरुपद्रवी म्हणून लवकर सुटून गेला. दुसरा घेतला, तोही सुटला. बिनरक्ताचे सगळे एकेक करून घरी चालले होते आणि हा त्यांना फोडणी शिकवत मागे राहत होता.

हे ऐकून गोदावरी जी हसली, ती भिंतीला टेकूनच बसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, चोराला कशाला शिकवता? खुन्याला शिकवा. तो कुठे जाणार आहे?"

मुदलियारांनी हे ऐकलं. मग म्हणाले, "राव, तुमच्या बायकोला जेलर करायला हवं." लगेच शोध सुरू झाला. खुनी आमच्याकडे पुष्कळ होते, पण स्वयंपाकाला चालेल अशा जातीचा हवा. खून चालत होता, जात तपासून घेतली जात होती. शेवटी पापनाशमकडचा एक शेतकरी मिळाला. पाटाच्या पाण्यावरून त्यानं शेजाऱ्याला कुदळीनं मारलं होतं, आणि जन्मठेप. दिसायला म्हणजे बैल. महिनोन्महिने कोणाशी बोललेला नाही. त्याच्या हाती विळी द्यायला शिपाई तयार होईनात.

हंडेरावानं विळीपुढे त्याला बसवला आणि एक पांढरा भोपळा समोर ठेवला. "याचं तुझ्याशी काही भांडण नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. "हळू."

त्या बैलानं भोपळा इतका हळू चिरला, की आम्ही जांभया देऊ लागलो. मग हंडेरावानं त्याला मानेला धरून हंड्यापाशी वाकवलं. "ऐक. काय म्हणतंय?" तो ऐकत राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून पहिला शब्द आला, "पाणी." पाटाचं पाणी आठवलं असेल, नाही तर कालवणात पाणी जास्त झालं असं म्हणायचं असेल. हंडेराव म्हणाला, "शरी, बरोबर, तेच. आटू दे." तो रोज मुलाला वाढवावं तसा त्याला शिकवी, आणि रोज मला विचारी, "म्हातारी?" मी सांगे, "आहे." खोटं बोलायची वेळ आली नाही, एवढं बरं.

साहेबाच्या चाखण्याच्या दिवशी सगळं त्या खुन्यानं रांधलं. हंडेराव हात मागे बांधून भिंतीशी उभा. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. त्याची बोटं नुसती वळवळत होती. साहेब जेवला, तोंड पुसलं आणि हंडेरावाकडे बघून म्हणाला, "छान." तेव्हा मुदलियार पुढे झाले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "हुजूर, हे त्यानं केलेलं नाही. ज्यानं केलंय तो मरेपर्यंत इथंच आहे." साहेबानं त्या बैलाकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं. पश्चात्तापाचं पुन्हा विचारलं नाही. सही केली.

मी त्याला दारातून बाहेर सोडलं. वाटलं, काही बोलेल. तो पळत सुटला. धोतर आवरत, म्हाताऱ्या बैलासारखा, पश्चिम राजवीथीनं. त्याच्या घरची चूल कधीची थंडावलेली, म्हणून आमच्या घरात शिरला आणि म्हणाला, "वहिनी, सरका." पेज त्यानं आमच्या चुलीवर केली. मी पाळी संपवून पाट्टीच्या घरी पोचलो तेव्हा तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. गोदावरी चमच्यानं पेज भरवत होती. म्हातारीनं पहिला घोट तोंडात घोळवला, गिळला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मीठ कमी."

हंडेरावानं वाटी ओढून घेतली. मग त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. बोट बुडवून पेज चाखली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. मीठ बरोबर होतं. म्हातारीच्या जिभेची चव गेली होती. केव्हा गेली होती कोण जाणे. कदाचित भेटीला येत होती तेव्हाच. तो तिचं डोकं अलगद खाली ठेवून मिठाच्या कुंडीपर्यंत गेला, पाट्टीला ऐकू येईल असं झाकण वाजवलं, रिकामी चिमूट वाटीवर चोळली आणि ढवळली. म्हातारीनं आणखी एक घोट घेतला.

"हं," ती म्हणाली. "आता शिकलास."

काही दिवसांनी ती गेली. बोलल्याप्रमाणे त्यानं रांधणं सोडलं का? छे. दिवस सरल्यावर राजवाड्यात जाऊन राण्यांकडून हंडा मागून घेतला आणि या वेळी बैलगाडीवर, उताणा, समोरचं दिसेल असा बाहेर नेला. मग तिरुवैयारूकडेच राहिला, लग्नामुंजीत रांधत. कधी तुरुंगावरून गेला तर भिंतीशी थांबून वास घेई आणि आत ओरडे, "कोथिंबीर उशिरा घाल!" आतून तो खुनी ओरडे, "शरी, अण्णा!" हंडेराव एका लग्नात चुलीपुढेच गेला. पंगत उठल्यावर. मला कळलं ते तेराव्यानंतर.

आमच्या घरात त्याचं बोलणं राहून गेलं. पुढे आयुष्यभर मी नवीन सदरा घातला तर गोदावरी म्हणे, "मीठ कमी." तिनं नवं लुगडं नेसलं तर मी म्हणे. शेजाऱ्यांना वाटे, म्हाताऱ्यांच्या डोक्यात काही बिघडलंय.

ती पडली तेव्हा रांधायची पाळी माझ्यावर आली. या वयात पेज करायला शिकलो. पातेल्याला कान लावून पाहिला, मला काही ऐकू आलं नाही. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." थट्टेनं नाही, खरंच. मी चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं. मग मी उठलो, कुंडीचं झाकण वाजवलं, रिकामी चिमूट वाटीवर चोळली आणि ढवळली.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तिथं चमच्यानं भरवत कोण होतं? मला नका दाखवू हंडेरावाचं नाटक."

मग हसली. हसताना ठसका लागला, मी पाठ चोळली, आणि वाटीत होती तेवढी पेज तिनं मुकाट्यानं संपवली.